सरोजिनी नगरचा शर्ट आणि कोट्याचा हिशेब



आजची गोष्ट एका शर्टापासून सुरू होते. दिल्लीतल्या सरोजिनी नगरच्या बाजारात तुम्ही कधी गेला असाल, तर हा शर्ट तुम्ही हातात घेतलेला आहे. कापड उत्तम, शिवण बारीक, बटणं एकसारखी. फक्त कॉलरच्या आतलं लेबल मधोमध कापलेलं, नाहीतर त्यावर काळ्या मार्करची आडवी रेघ. भाव इतका कमी की आपल्यालाच संशय यावा. आणि वर विकणाऱ्याची आरोळी, 'एक्स्पोर्ट का माल है, एक्स्पोर्ट का!'

माझ्या मावशीचे यजमान केंद्र सरकारच्या नोकरीत होते. त्यांचं क्वार्टर या बाजारापासून चालत दहा मिनिटांवर. नव्वदच्या दशकात मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही पुण्याहून तिकडे गेलो की मावशी मला एक शर्ट घेऊन द्यायची. घरी येऊन घातला की कळायचं, एक बाही दुसरीपेक्षा बोटभर आखूड आहे. मावशी म्हणायची, "अरे, अमेरिकेनं नापास केलाय तो. आपल्याकडे पास."

हा शर्ट अमेरिकेला जायला निघाला होता आणि वाटेत अडकला, एवढं तेव्हा समजत होतं. पण तो अडकला कशात? बाहीत, की आणखी कशात? आणि आंतरराष्ट्रीय व्यापार कराराचा परिणाम मोजतात म्हणजे नेमकं काय मोजतात? आज हे दोन प्रश्न एकत्र घेऊन बसू. बाजारातल्या ढिगाऱ्याचा आणि जिनिव्हातल्या कागदाचा संबंध आपल्याला वाटतो त्यापेक्षा जवळचा आहे.

आधी जागा समजून घेऊ. स्वातंत्र्यानंतर दिल्लीत केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांसाठी वसाहती उभ्या राहिल्या. त्यातल्या या भागाला पूर्वी विनय नगर म्हणत. पुढे सरोजिनी नायडूंचं नाव आलं. आजूबाजूच्या वसाहतींची नावं बघा: लक्ष्मीबाई नगर, नेताजी नगर, किदवई नगर, नौरोजी नगर. रिंग रोडला लागलेल्या या नौरोजी नगरात जुनी सरकारी घरं पाडून गेल्या काही वर्षांत उंच व्यापारी इमारती उभ्या राहिल्या, आणि त्या संकुलाला नाव दिलं आहे वर्ल्ड ट्रेड सेंटर. ज्या दादाभाईंनी आयात-निर्यातीचे आकडे मांडून 'देशातून जास्त जातं आणि कमी येतं, मग मधला पैसा कुठे मुरतो?' हा प्रश्न विचारला, त्यांच्या नावाच्या वसाहतीत वर्ल्ड ट्रेड सेंटर. मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात गणित शिकवणाऱ्या या माणसाने व्यापाराचा हिशेब तपासायची सवय आपल्याला लावली. आजचा विषय त्याच सवयीचा आहे.

कापडावरचा कोटा ही कल्पनाही दिल्लीला नवी नव्हती. १९३३ मध्ये स्वस्त जपानी कापडावर भारतात शुल्क वाढलं, तेव्हा जपानी गिरण्यांनी भारतीय कापसावर बहिष्कार टाकला. आखूड धाग्याच्या आपल्या कापसाचा जपान हा फार मोठा गिऱ्हाईक. वऱ्हाड-खानदेशाच्या शेतकऱ्याच्या पोटात गोळा आला. शिमल्यात सुरू झालेली बोलणी १९३४ च्या जानेवारीत दिल्लीत संपली. ठरलं असं, की जपानने दहा लाख गाठी कापूस घेतला तर त्याला साडेबत्तीस कोटी वार कापड भारतात आणता येईल. पंधरा लाख गाठी घेतल्या तर चाळीस कोटी वार, त्यापुढे नाही. मुंबईच्या गिरणीमालकांना संरक्षण हवं होतं, कापूस उत्पादकाला गिऱ्हाईक हवं होतं, आणि दोघांच्या मधली रेषा गाठी आणि वार यांच्या गणिताने आखली गेली. त्या वेळी कोटा लावणारे आपण होतो. चाळीस वर्षांत पारडं फिरलं.

१९४७ च्या गॅट करारावर सुरुवातीला सह्या करणाऱ्या २३ देशांत भारत होता. त्या कराराचा एक मूळ नियम असा की आयातीवर शुल्क लावा, पण नगांची मर्यादा घालू नका. कापडाच्या बाबतीत हा नियम लवकरच वाकवला गेला. अमेरिकेत केनेडींना व्यापार खुला करणारा कायदा काँग्रेसमधून मंजूर करून घ्यायचा होता, आणि त्यासाठी कापड गिरण्यांच्या राज्यांची मतं लागत होती. त्या मतांची किंमत म्हणून १९६१ मध्ये सुती कापडावर तात्पुरता करार आला, १९६२ मध्ये दीर्घ मुदतीचा. मग १ जानेवारी १९७४ पासून लोकर आणि कृत्रिम धागाही त्यात ओढला गेला. हाच तो मल्टी फायबर अरेंजमेंट, बोलीभाषेत एमएफए. तात्पुरता म्हणून सुरू झालेला बंदोबस्त चार दशकांहून जास्त टिकला. सरकारी कामात 'तात्पुरतं' हा शब्द किती टिकाऊ असतो, हे सरकारी क्वार्टरमध्ये राहिलेल्या माणसाला वेगळं सांगायला नको.

प्रत्यक्षात तो चालायचा कसा? अमेरिका आणि भारत यांच्यात द्विपक्षीय करार व्हायचा. कपड्यांच्या प्रत्येक प्रकाराला नंबर असायचा. मागावरच्या कापडाचा पुरुषांचा सुती शर्ट ३४०, बायकांचा शर्ट-ब्लाउज ३४१. युरोपच्या यादीत वेगळे आकडे. प्रत्येक नंबरापुढे वर्षाची मर्यादा. ही मर्यादा भारतातल्या निर्यातदारांत वाटायचं काम मुख्यतः १९७८ मध्ये स्थापन झालेल्या अ‍ॅपरल एक्स्पोर्ट प्रमोशन कौन्सिलकडे होतं. वाटपाचा मोठा भाग मागच्या कामगिरीवर. म्हणजे गेल्या वर्षी ज्याने जास्त माल पाठवला त्याला यंदाही जास्त कोटा. आणि हा कोटा एकाकडून दुसऱ्याकडे देता येत असे.

इथेच खरी मेख आहे, मंडळी. जी गोष्ट दुर्मीळ आहे आणि हस्तांतर करता येते, तिला भाव फुटतो. कोट्याचा कागद ही स्वतंत्र वस्तू झाली. एखाद्याकडे कारखाना नसला तरी जुना कोटा असेल तर तो विकून पैसे मिळत. आणि ज्याच्याकडे ऑर्डर आहे, कारागीर आहेत, पण कोटा नाही, त्याला तो बाजारातून घ्यावा लागे. समजा एका शर्टामागे कोट्याचे ४० रुपये मोजावे लागले. तर तो शर्ट अमेरिकेत पोचायच्या आधीच ४० रुपयांचा कर भरून बसला. फक्त हा कर सरकारी तिजोरीत गेला नाही, कागद विकणाऱ्याच्या खिशात गेला. अर्थशास्त्रज्ञांनी नेमकं हेच हत्यार वापरलं. कोट्याचा बाजारभाव काढा, म्हणजे त्या निर्बंधाचं वजन कळतं. दिल्ली विद्यापीठात वाणिज्य शिकवणारे श्रीराम खन्ना यांचं 'इंटरनॅशनल ट्रेड इन टेक्स्टाइल्स' हे १९९१ चं पुस्तक एमएफएचा कोटा आणि भारतासारखा निर्यातदार देश यांवरच आहे.

आता बाजारातल्या ढिगाऱ्याकडे या. दहा हजार शर्टांची ऑर्डर आली की कारखानदार कधीच मोजून दहा हजार शिवत नाही. काही बिघडतील म्हणून थोडे जास्त कापतो. तपासणीत बायरचा माणूस एखाद्या गठ्ठ्यातले मोजके नग काढतो, दोष ठरलेल्या संख्येपेक्षा जास्त निघाले की अख्खा लॉट परत. बोट चुकली, हंगाम गेला, ऑर्डर रद्द. कोट्याच्या काळात याला आणखी एक कारण जोडलेलं होतं. मर्यादा वर्षाची, आणि ती वर्ष संपायच्या आत भरली की तयार मालसुद्धा बंदराबाहेर जाऊ शकत नसे. बाही सरळ, बटण जागेवर, सगळं ठीक, फक्त कागद संपला. असा सगळा माल सरप्लसवाल्यांकडे किलोच्या किंवा लॉटच्या भावाने जातो. ब्रँडचं नाव वापरता येत नाही म्हणून लेबल कापायचं, आणि मग तो सरोजिनी नगरच्या पदपथावर येतो. मुंबईत आझाद मैदानाजवळच्या फॅशन स्ट्रीटवर हाच प्रवास दिसतो. ओखला, नोएडा, गुडगावचं उद्योग विहार हे दिल्लीभोवतीचं कपडे शिवणारं वर्तुळ जवळ असल्याने सरोजिनी नगरला तो ताजा मिळतो, एवढंच.

कोट्याचा आणखी एक परिणाम आहे, जरा उलटा वाटेल असा. कोटा नगांवर मोजला जायचा, किमतीवर नाही. स्वस्त शर्ट पाठवला तरी एक नग, महाग पाठवला तरी एकच. मग माणूस काय करेल? महाग पाठवेल. बंधन आलं की दर्जा वर सरकतो, ही अर्थशास्त्रातली जुनी अटकळ. ती तपासायची संधी आली २००५ मध्ये.

१ जानेवारी १९९५ ला जागतिक व्यापार संघटना सुरू झाली आणि एमएफएच्या जागी दहा वर्षांत कोटे संपवणारा करार आला. चार टप्पे होते: १९९० च्या आयातीच्या १६ टक्के, मग १९९८ ला १७, २००२ ला १८, आणि शेवटच्या दिवशी उरलेले ४९. यादीत कोणत्या वस्तू कधी मोकळ्या करायच्या हे आयात करणाऱ्याने ठरवायचं. अमेरिका-युरोपने पहिल्या टप्प्यात बहुतेक अशाच वस्तू मोकळ्या केल्या ज्यांवर कोटा मुळात नव्हताच. यादीत छत्र्या आणि पॅराशूटसुद्धा होती. शर्ट-पँटी शेवटच्या ४९ टक्क्यांत.

शिवाय जाता जाता नवा निर्बंध लावायची सोय ठेवलेली होती. १९९५ मध्ये अमेरिकेने भारतातून येणाऱ्या लोकरी शर्ट-ब्लाउजांच्या बाबतीत ती वापरायची ठरवली. भारत जिनिव्हाला गेला. हा खटला कायद्याच्या विद्यार्थ्यांना वेगळ्या कारणासाठी शिकवतात, कारण दावा करणाऱ्याने तो आधी पुराव्याने उभा करायचा हे तत्त्व तिथे स्पष्ट झालं. आपल्याला मात्र त्यातली एक यादी महत्त्वाची. कराराच्या सहाव्या कलमात लिहिलं होतं की आयातीमुळे आपल्या उद्योगाचं गंभीर नुकसान झालं असं म्हणायचं असेल तर या गोष्टी तपासा: उत्पादन, उत्पादकता, क्षमतेचा वापर, साठा, बाजारातला वाटा, निर्यात, मजुरी, रोजगार, देशातल्या किमती, नफा आणि गुंतवणूक. अकरा बाबी. अमेरिकेने त्या सगळ्या नीट तपासल्या नाहीत, असं १९९७ च्या जानेवारीत पॅनेलने म्हटलं. तोवर अमेरिकेने तो निर्बंध मागे घेतलाही होता. भारत जिंकला.

मी ही यादी पहिल्यांदा वाचली तेव्हा दोन शब्दांवर अडकलो: मजुरी आणि रोजगार. कोणाची मजुरी? आयात करणाऱ्या देशातल्या कामगाराची. त्याचं नुकसान मोजायला करारातच अकरा रकाने आखून दिलेले आहेत. शर्ट शिवणाऱ्याच्या बाजूने असा एकही रकाना नाही. कोटा भरल्यामुळे ओखल्यातल्या एखाद्या फॅब्रिकेटरने डिसेंबरात पंधरा दिवस शिलाई मशिनं बंद ठेवली, पीस रेटवर काम करणारा बिहारचा कारागीर गावी गेला, तर ते कोणत्या रकान्यात बसवायचं? पीस रेटवाल्याची सुट्टी ही सुट्टी नसते, बिनपगारी दिवस असतात. बंदरावर शिपिंग बिलात नोंद होते ती गेलेल्या मालाची. न गेलेला माल, न शिवलेला शर्ट, न मिळालेला रोज यांची पावती फाटत नाही. सरोजिनी नगरचा ढीग त्या न फाटलेल्या पावत्यांतला निदान डोळ्यांना दिसणारा भाग होता.

आता भाकितांकडे. कोटे संपायच्या तोंडावर जगभर गणिती प्रारूपं चालवली गेली. सर्वांत गाजला तो २००४ चा हिल्डेगुन नॉर्डोस यांचा जागतिक व्यापार संघटनेने छापलेला अभ्यास. त्यांचं गणित सांगत होतं की अमेरिकेच्या कपडे आयातीत चीनचा वाटा १६ टक्क्यांवरून ५० वर जाईल आणि भारताचा ४ वरून १५ वर. हा पंधराचा आकडा दिल्लीत किती लाडका झाला असेल, कल्पना करा. व्यापार खात्याचं तेव्हाचं उद्योग भवन आणि सरोजिनी नगर यांत जेमतेम काही किलोमीटरचं अंतर.

२००५ उजाडलं. (त्या वर्षाची या बाजाराची आठवण मात्र निराळी आहे. २९ ऑक्टोबरला, दिवाळीच्या खरेदीच्या गर्दीत तिथे बॉम्ब फुटला. त्या संध्याकाळी दिल्लीत तीन ठिकाणी झालेल्या स्फोटांत साठाहून जास्त माणसं गेली, त्यातली बहुतेक इथे. मावशीने त्यानंतर त्या गल्लीत पाऊल टाकलं नाही.) भारताची निर्यात पहिल्या वर्षी जोरात वाढली. जेम्स हॅरिगन आणि जेफ्री बॅरोज या दोघांनी नंतर आकडे तपासले, तेव्हा कोट्यातल्या चिनी कपड्यांच्या अमेरिकेतल्या किमती एका वर्षात ३८ टक्क्यांनी उतरल्याचं दिसलं. आणि दर्जाही खाली सरकला होता. म्हणजे नगांच्या बंधनाने दर्जा चढतो ही जुनी अटकळ खरी ठरली. अमेरिका आणि युरोप दोघांनीही घाबरून त्याच वर्षी चीनबरोबर नव्या मर्यादांचे समझोते केले.

आणि भारत? पंधरा टक्के कधीच आले नाहीत. वाटा सहाच्या आसपास घुटमळत राहिला. चीन चाळिशीच्या जवळ जाऊन खाली आला. जागा घेतली व्हिएतनामने आणि बांगलादेशाने. असं का झालं? प्रारूपात दोन गोष्टी सहसा गृहीत धरतात. दार उघडलं की आत जायला माणूस तयार आहे, आणि बाकीची दारं जिथल्या तिथे आहेत. दोन्ही चूक. एक तर आपण कित्येक वर्षं कपडे शिवायचं काम लघुउद्योगांसाठी राखून ठेवलं होतं. मागावरच्या कापडाचे कपडे त्यातून मोकळे झाले ते २००० च्या वस्त्र धोरणानंतर. तोवर दिल्लीच्या भोवती वीस-पन्नास मशिनांचे तुकडे, ठेकेदार, उपठेकेदार अशी साखळी पक्की झाली होती. कोट्याच्या काळात ती बरोबर चालायची, कारण ऑर्डरच तुकड्यात यायच्या. एकाच मापाचे पाच लाख शर्ट मागणारा बायर आला तेव्हा ती तुटली. दुसरं म्हणजे बांगलादेशाला अतिगरीब देश म्हणून युरोपात २००१ पासून शून्य शुल्काची सवलत होती. भारताचा शर्ट तिथे शुल्क भरून पोचायचा. आपला कोटा सुटला, पण शेजाऱ्याचं तिकीटच फुकट होतं.

माझं मत विचाराल तर नॉर्डोसबाईंचं गणित चुकलं असं मी म्हणणार नाही. त्यांनी जे मोजलं ते नीट मोजलं. चूक झाली ती त्या आकड्याला वचन समजणाऱ्यांची. २०११ मध्ये जपानबरोबरचा करार लागू झाला आणि भारतीय कपड्यांवरचं तिथलं शुल्क गेलं. तरी जपानच्या दुकानांत आपला शर्ट आजही शोधावा लागतो. शुल्क शून्य झाल्याने ना मोठा कारखाना उभा राहतो, ना कृत्रिम धाग्याचं चांगलं कापड आपोआप मिळतं.

२४ जुलै २०२५ ला भारत-ब्रिटन करारावर सह्या झाल्या. ब्रिटन भारतीय कपड्यांवरचं शुल्क काढणार. ब्रिटिश सरकारने परिणामांचा अंदाजही छापला आहे: त्यांच्या अर्थव्यवस्थेत दीर्घ काळात वर्षाला ४.८ अब्ज पौंडांची भर, आणि मजुरीत २.२ अब्ज पौंडांची. मजुरीचा रकाना त्यांनी भरला, त्यांच्या मजुरीचा. उद्योग विहारला लागून असलेल्या कापसहेड्यात, जिथे दहा बाय दहाच्या खोल्यांत शिलाई कामगार राहतात, तिथला रकाना भरायचं काम लंडनचं नाही. ते इथे, कारखान्याच्या हजेरीपटावर आणि पीस रेटच्या वहीवर बसून करायचं काम आहे, आणि करार लागू व्हायच्या आधीची वही हाती नसेल तर नंतरच्या वहीची तुलना कशाशी करणार?

मध्यंतरी दिल्लीला गेलो होतो. मावशीच्या क्वार्टरच्या जागी आता बांधकाम चाललंय, जुनी ओळ गेली. बाजार मात्र होता तसाच, तीच आरोळी. एक शर्ट उचलला आणि सवयीने दोन्ही बाह्या एकमेकींना लावून पाहिल्या. अगदी बरोबर. कॉलर उलटी केली, तर लेबल अख्खं: मेड इन बांगलादेश. दक्षिण आशियाई देशांच्या साफ्टा कराराखाली २०११ मध्ये भारताने तिथल्या कपड्यांवरचं शुल्क काढलं, त्या वाटेने तो आलेला असणार. विकणारा पोरगा ओरडतच होता, 'एक्स्पोर्ट का माल है'. तीस वर्षांत पहिल्यांदा मला त्याच्याशी वाद घालावासा वाटला नाही. दोनशे रुपये दिले आणि शर्ट घेतला.